पावणेतीन औंसांचा न्याय

ती. मार्वल वन्सं यांना आर्डिथचा मनापासून नमस्कार.

तुमचा नवीन खुबा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं असेल, आणि तुम्ही चर्चच्या तळघरातून कॉफीचे डबे वर आणत असाल, हे मला दीड हजार मैलांवर बसून स्वच्छ दिसतं. तिकडे बर्फ कमरेपर्यंत आलं आहे असं ऐकते. इथे नेवाडात फेब्रुवारी महिना असून मी बिनबाह्यांच्या झग्यात बसून लिहिते आहे. (हे तुम्हाला जळवायला लिहीत नाही. म्हणजे थोडंसं त्यासाठीच लिहिते आहे.) आमची काळजी नसावी. दोघांच्याही तब्येती उत्तम आहेत, फक्त तुमचा भाऊ तीन दिवस बोललेला नाही. रविवारी फोनवर तुम्हाला तो “हवा छान आहे, सगळं छान आहे” एवढं म्हणाला ना, तेवढेच त्याचे या तीन दिवसांतले शब्द. बाकीचे मी लिहून कळवते.

तुम्हाला आठवत असेल, चौदा महिन्यांपूर्वी आम्ही घर विकलं आणि मोटारघर घेतलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की व्हर्लिनने आयुष्यभर इतरांसाठी कष्ट केले, आता त्याला त्याचं स्वप्न जगू दे. मी जगू दिलं. चौतीस फूट लांब आणि आठ फूट रुंद असं ते स्वप्न आहे. एकाला पँट चढवायची असली तर दुसऱ्याने पलंगावर चढून बसावं लागतं. ओव्हन असा, की कोंबडी आत घालायची तर तिचे पाय मुडपावे लागतात. माझी मोठी परात, माझी लाटणी, आजीची कपबशी, सगळं गेलं. “आर्डिथ, आता अख्खा देश आपलं अंगण आहे,” असं तो पहिल्या दिवशी म्हणाला. त्या अंगणाचा बराचसा भाग मी पेट्रोल पंपावर उभी राहून पाहिला आहे, कारण तुमचा भाऊ प्रत्येक पंपावर पाच गॅलनची खूण केलेला डबा काढून पंप बरोबर माप देतो की नाही हे तपासतो. वजनमापं खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खातं त्याच्यातून निवृत्त झालेलं नाही. मागे उभे असलेले ट्रकवाले काय काय बोलतात ते तुमच्यासारख्या पास्टरांच्या विधवेला लिहिण्यासारखं नाही.

तर झालं असं, की ॲरिझोनाची हद्द जवळ आल्यावर एका मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की सहाही टायर म्हातारे झाले आहेत, या टायरांवर डोंगर उतरलात तर तुम्ही टायरांच्या आधी खाली पोहोचाल. तसले टायर मागवायला लागतात, चार दिवस लागतील म्हणाला. पैसे आम्ही त्यासाठीच बाजूला काढून ठेवलेले होते. प्रश्न एवढाच की चार दिवस राहायचं कुठे. नदीकाठी एक मोठा कॅसिनो आहे, तिथे मागच्या मैदानात आमच्यासारख्यांना गाडी फुकट उभी करू देतात, असं त्यानेच सांगितलं. व्हर्लिन दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करत बसला. जुगाराच्या जागेत आपण पाऊल टाकणार नाही, असं त्याने वयाच्या नवव्या वर्षी तुमच्यासमोर म्हटलं होतं म्हणे. शेवटी “मैदान म्हणजे काही आतली जागा नव्हे” असा निकाल त्याने दिला, आणि आम्ही मैदानात शिरलो.

मैदानात साठ-सत्तर मोटारघरं होती आणि प्रत्येकासमोर दोन घडीच्या खुर्च्या, एक छोटं कुत्रं आणि एक म्हातारा नवरा. आमच्या शेजारी ओक्लाहोमाचा डॉर्सी नावाचा बॉयलर दुरुस्त करणारा होता, बायको वारल्यापासून एकटाच हिंडतो. त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की आतमध्ये दुपारी चार वाजता जेवण सुरू होतं आणि बीफचा बारा औंसांचा काप, बटाटा आणि सॅलड इतक्या स्वस्तात मिळतं की घरी चूल पेटवणं हा मूर्खपणा आहे. माझी चूल दोन बर्नरची, मला हा मूर्खपणा सोडायला काहीच हरकत नव्हती. व्हर्लिन म्हणाला, “जेवण म्हणजे काही जुगार नव्हे.” (त्या आठवड्यात कुठली गोष्ट म्हणजे कुठली गोष्ट नव्हे, याची यादी फार वाढली.)

स्वस्त दर हवा तर तिथलं सभासद कार्ड काढावं लागतं, ते काढलं. काउंटरवरच्या पोरीने कार्डाला गुलाबी दोरी लावून व्हर्लिनच्या गळ्यात घातली. आणि आम्ही जेवायला बसलो.

वन्सं, ताट समोर आलं, आणि मी त्याचा चेहरा पाहिला. बेचाळीस वर्षं मी तो चेहरा ओळखते. तो कापाकडे बघत होता, पण खायच्या नजरेने नाही. तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, पोट बिघडलं. सात मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पितळी वजनांची ती लाकडी पेटी होती आणि काखेत तराजू. घर विकताना माझ्या परातीला जागा नव्हती, तराजूला मात्र पलंगाखाली कप्पा करून घेतला होता. त्याने टेबलावर तराजू मांडला, पाण्याच्या ग्लासात बघून टेबल सपाट आहे का ते पाहिलं, खिशातला रुमाल टेबलाच्या पायाखाली घातला आणि काप पारड्यात ठेवला. सव्वानऊ औंस.

“बारा लिहिलंय,” तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण तुम्हाला माहीत आहे, त्याचा तो आवाज दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपलं ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, माझंही बघा बरं जरा. त्यांचा काप निघाला पावणेनऊ. त्यानंतर मी मान वर केली ती रांग बघायलाच. पंधरा-सोळा म्हातारी माणसं आपापली ताटं धरून तुमच्या भावापुढे उभी होती, काठ्या टेकत, एक जण ऑक्सिजनची नळी लावलेला. व्हर्लिन प्रत्येकाचं वजन करून कागदाच्या रुमालावर लिहून देत होता आणि सही करत होता. इतका सुखी मी त्याला आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मग मॅनेजर आली. मारिसेला ओचोआ नावाची, तिशीची, इतकी शांत की मला तिचीच भीती वाटली. तिने हसून मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, वजन शिजवण्याआधीचं.

व्हर्लिनने चष्मा काढला, पुसला, घातला, वाचलं. “बाई,” तो म्हणाला, “हा काप शिजवण्याआधी कापलेला नाही. अख्खा तुकडा भाजतात आणि मग कापतात. मग या कापाचं आधी वजन केलं कुणी? गाईने?”

रांग हसली. मारिसेलासुद्धा ओठ आवळून हसली, आणि तिथेच मला कळायला हवं होतं की ही बाई फार हुशार आहे. ती म्हणाली, “सर, तुमचं बरोबर आहे. तुमचं जेवण आमच्याकडून. उद्याचंही.”

“मला फुकट काही नको. मला पावणेतीन औंस पाहिजेत.”

तिने आतल्या आचाऱ्याला सांगितलं. पाच मिनिटांत बशीत मांसाचा एक तुकडा आला. व्हर्लिनने तो तोलला. तीन औंस भरला. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? तुमच्या भावाने सुरी घेतली, पाव औंसाची चकती कापली, पुन्हा तोलून बघितली आणि बशीत ठेवून परत दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑक्सिजनवाल्याने तर नळी बाजूला करून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. मी त्या वेळेस टेबलाखाली पडलेला रुमाल शोधत होते आणि बराच वेळ शोधत होते.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला एक चित्राचं कार्ड पाठवून मोकळी झाले असते. पण मारिसेलाने जाता जाता गोड आवाजात सांगितलं, “सर, गैरसोयीबद्दल तुमच्या कार्डावर पन्नास डॉलरचा खेळ जमा केला आहे.” व्हर्लिन म्हणाला, काढून टाका. ती म्हणाली, काढता येत नाही, एकदा चढला की चढला. रोख मिळत नाही, फक्त जुगाराच्या मशीनवर खेळता येतो. व्हर्लिनचं तोंड उतरलं. दुसऱ्याचे पन्नास डॉलर गळ्यात गुलाबी दोरीने लटकताहेत ही कल्पनाच त्याला सहन होईना. तेव्हा ती म्हणाली (आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही), “परत करायचेच असतील सर, तर सोपं आहे. मशीनवर बसा. ते आपोआप परत येतात आमच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून, दाढी करून, रविवारचा शर्ट घालून तुमचा भाऊ पैसे परत करायला गेला.

मी बरोबर होते. त्याने सगळ्यात कोपऱ्यातलं मशीन निवडलं, कुणी पाहू नये म्हणून. त्यावर अस्वलं आणि मासे होते. कार्ड घातलं, बटण दाबलं. मशीनने घंटा वाजवली आणि पन्नासाचे सत्तर झाले. तो कावराबावरा झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, थोडे गेले, मग अस्वलं ओळीने उभी राहिली आणि एकशे नव्वद झाले. डॉर्सी पाठीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अरे व्हर्लिन, तुला हरतासुद्धा येत नाही का?” तासाभराने सहाशेच्या वर आकडा गेला. वन्सं, माणूस पैसे परत करायला निघाला आहे आणि मशीन ते घेत नाही, उलट त्याच्या अंगावर आणखी फेकतं आहे, असं दृश्य मी आजवर पाहिलेलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी तो उठून मारिसेलाकडे गेला आणि अत्यंत गंभीरपणे तक्रार नोंदवली की कोपऱ्यातलं मशीन बिघडलं आहे, ते ठरल्यापेक्षा जास्त देतं. ती म्हणाली, “नाही सर, मशीन अगदी ठीक आहे.” तो म्हणाला, मी एकतीस वर्षं मापं तपासली आहेत, मला कळतं. ती म्हणाली, “तुम्ही खेळत राहा सर.”

त्याला जे लागलं ते हे. पैसे नव्हेत. त्याच्या शब्दाला किंमत दिली नाही, ते. अख्ख्या जिल्ह्यात त्याने पंपाला लाल चिठ्ठी लावली की पंप बंद व्हायचा, आणि इथे एक तिशीची पोरगी त्याला “खेळत राहा” म्हणते. गाडीत येऊन त्याने वही काढली, रेघा मारल्या आणि मला समजावून सांगितलं की चाचणी नीट व्हायची तर बटण किमान हजार वेळा दाबावं लागेल, त्याखाली निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. मी म्हटलं, “हजार वेळा दाबायला पैसे कुठून आणणार?” तो म्हणाला, मशीनचेच सहाशे आहेत. मी विचारलं, “आणि ते संपले तर?” तो म्हणाला, “ते जास्त देतंय, आर्डिथ. संपतील कसे?”

दोन दिवस चाचणी चालली. सकाळी नऊ ते बारा, जेवणानंतर एक ते चार, कचेरीच्या वेळेसारखी. डाव्या हाताने बटण, उजव्या हाताने पेन्सिल. सहाशे गेले ते तीनशेदहाव्या दाबाला. मग तो गाडीत आला आणि माझ्यासमोर टायरांचं पाकीट उचललं. मी दारात उभी राहिले. आमच्या दारात एक माणूस उभं राहिलं की दुसरं बाहेर जाऊ शकत नाही, एवढा एक फायदा त्या घराचा आहे.

“व्हर्लिन, ते टायर आहेत,” मी म्हटलं.

“हे चाचणीसाठी आहे. सगळे परत येणार आहेत.”

“आणि नाही आले तर आपण इथेच राहायचं? या मैदानात?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू माझ्यावर कधीच विश्वास ठेवला नाहीस, ना या कामात, ना या गाडीच्या बाबतीत.”

मी बाजूला झाले. का झाले ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही असतात तर झाला नसतात, हे मला माहीत आहे, कृपया ते पत्रात लिहू नका.

तो म्हणतो लोभ नव्हता. असेलही नसेल. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पाहत होते. चारशेव्या दाबापर्यंत तो वहीत लिहीत होता. सहाशेनंतर पेन्सिल कधी गळून पडली ते त्याला कळलं नाही. आठशेच्या पुढे तो अस्वलांशी बोलायला लागला, हळूच, “ये, ये गं बाई, ये,” असं. हे मापन नव्हतं, वन्सं. जन्मभर ज्याने स्वतःला एक आइस्क्रीम जास्त खाऊ दिलं नाही, तो माणूस जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखा दिसत होता. मला त्याचा राग आला होता आणि त्याला तिथून उठवावंसंही वाटत नव्हतं, दोन्ही एकदमच.

हजारावा दाब झाला. पाकिटात काही नव्हतं. त्याने पेन्सिल उचलली, वहीत खाली रेघ मारली आणि डोकं न उचलता म्हणाला, “मशीन बरोबर आहे.”

हे त्याचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतर तो गाडीत चालकाच्या खुर्चीवर बसून काचेतून मैदानाकडे बघतो. टायरवाल्याचा फोन आला, माल आला आहे म्हणून. मीच सांगितलं, थोडं थांबा. डॉर्सी रोज सूप घेऊन येतो, दाराशी ठेवतो आणि जातो. मैदानात लोक अजून व्हर्लिनला नमस्कार करतात, बीफवाला म्हणून. आणि मारिसेलाबाईंनी मला जेवणघराबाहेर गाठून सांगितलं, तुमच्या नवऱ्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. खरंच आहे. त्याने त्यांचे पन्नास डॉलर पूर्ण परत केले, आणि वर बरेच जास्त. त्यांनी मात्र जास्तीचा तुकडा कापून बशीत ठेवला नाही.

असो. तुम्हाला हे सगळं लिहिलं ते काही मागण्यासाठी नाही, नुसतं मन मोकळं करायला. टायरांचं आम्ही बघू. खुब्याला जपा, बर्फात एकट्या बाहेर पडू नका. चर्चमधल्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
आर्डिथ

ता. क. – पाकिटात चर्चच्या जुन्या कॅलेंडरमध्ये गुंडाळलेला एक चेक आहे, तो चुकून टाकून देऊ नका. आकडा बघण्याआधी खाली बसा, तुमचा खुबा नवा आहे. झालं असं, की व्हर्लिन उठून बाहेर गेल्यावर त्याचा चष्मा मशीनवर राहिला होता. मी तो घ्यायला वळले. माझ्या गुडघ्यात कळ आली म्हणून खुर्चीवर टेकले. तिथे नुसतं बसू देत नाहीत, म्हणून पर्समधली एक नोट सरकवली. वन्सं, एक हजार एकावा दाब माझा होता. सगळी अस्वलं आली. कर कापून ही रक्कम आहे. व्हर्लिनला यातलं एक अक्षर कळता कामा नये. कळलं तर तो मरेल, आणि मरण्याआधी म्हणेल, “बघ, मी म्हणत होतो, ते मशीन जास्त देतं.” त्याच्या मरणाचं दुःख मी कसंही सोसेन, हे वाक्य सोसणार नाही.

ता. क. २ – चेकच्या मागे मी सही करून तुमचं नाव घातलं आहे. पुढच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात पत्त्यांचं आणि नाचणाऱ्या मुलीचं चित्र आहे, बँकेत त्यावर अंगठा ठेवून द्या. खिडकीवरची मुलगी तुमच्या रविवारच्या वर्गातलीच आहे, ती काही विचारणार नाही. त्यातून आधी टायरांचे पैसे पाठवा. मग तुमच्या गल्लीच्या टोकाला टोलेफ्सनबाईंचं हिरवं घर विकायला आहे, ते जाऊन बघा. तळघरात पाणी येतं का, ओव्हन किती मोठा आहे. बरं असेल तर बयाणा द्या, आणि व्हर्लिनला फोन करून सांगा की पास्टरांच्या विम्याचे अडकलेले पैसे निघाले, तुम्हाला आता एकटीला जमत नाही, भाऊ जवळ असावा. तो माझं ऐकणार नाही, तुमच्या खोट्यावर त्याचा फार विश्वास आहे. पाप लागेल असं मनात आलं तर एवढंच लक्षात घ्या, की चर्चच्या छपरासाठी तीस वर्षं सोडतीची तिकिटं तुम्हीच विकता आहात. आणि तुमच्याइतक्या जवळ राहायला मी आपणहून तयार झाले आहे, यावरून माझी चौदा महिन्यांतली अवस्था ओळखा.

ता. क. ३ – त्या घराच्या आवारात आणि समोरच्या रस्त्यावर चौतीस फुटी मोटारघर मावत नाही. मी नगरपालिकेत फोन करून दोनदा खात्री करून घेतली आहे. तुम्ही पुन्हा मोजायला जाऊ नका.